जुन्या एमटीबीला नवे टायर: "छब्बीसचा द्या" म्हणण्याआधी

नागपुरात जिन्याखाली, पोर्चमध्ये नाहीतर गच्चीच्या कोपऱ्यात धूळ खात उभ्या असलेल्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक प्रकारच्या सायकली घरोघरी सापडतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेली, मग घरात गाडी आली, पोरगं कॉलेजात गेलं आणि सायकल मागे पडली. तिची फ्रेम बहुतेक वेळा ठणठणीत असते. साखळीला तेल, ब्रेकला नवे रबर आणि दोन-चार केबल बदलल्या की ती पुन्हा चालू लागते. अडतं ते टायरपाशी. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर संपतं, सायकल रोज चालवली काय आणि नुसती उभी ठेवली काय.

मग आपण दुकानात जातो आणि "छब्बीसचा द्या" म्हणतो. दुकानदार वर टांगलेला एक गाठीगाठींचा टायर काढून देतो, तो बसला तर बसतो, आणि पुढची चार वर्षं आपण सिमेंटच्या रस्त्यावर घरघर आवाज करत, नको तेवढा दम लावत सायकल चालवतो. हे टाळता येतं. जुन्या सायकलवर पैसे खर्च करायचे असतील तर टायरएवढी चांगली जागा दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. नवा सस्पेन्शन फोर्क किंवा महागडा गिअर लावून जो फरक पडत नाही, तो योग्य टायरनं पहिल्याच दिवशी पायाला कळतो. त्यासाठी दोनच गोष्टी नीट समजून घ्यायच्या: आपल्या रिमवर, म्हणजे चाकाच्या धातूच्या कड्यावर, नेमका कोणता टायर बसतो, आणि आपण खरोखर कुठे सायकल चालवतो.

आधी बघा, टायर गेलाय का

मागचं चाक उचलून चांगल्या उजेडात हळूहळू फिरवा. रस्त्याला लागणारा भाग झिजला असेल तर ते लगेच दिसतं: मधल्या गाठी सपाट होतात आणि कडेच्या तेवढ्या उभ्या राहतात. मधून आतल्या कापडाचे दोरे डोकावू लागले असतील तर विचार करायची गरजच उरत नाही.

पण आपल्या भागात टायर झिजून जाण्यापेक्षा वाळून जास्त जातात. म्हणून बाजूची भिंत जास्त लक्ष देऊन बघा. हवा काढा, अंगठ्यानं भिंत दाबून रबर जरा वाकवा. वाळलेल्या रबरावर लगेच केसाएवढ्या भेगांची जाळी उघडते. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन मिळून रबर कडक करतात, आणि जिथे ते ताणलेलं किंवा दुमडलेलं असतं तिथे ते आधी चिरतं. म्हणूनच हवा नसलेल्या टायरवर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या सायकलीत जमिनीला टेकलेल्या जागी भेगा सगळ्यात खोल असतात. भेगा वरवरच्या असतील तर गल्लीतल्या गल्लीत चालवायला हरकत नाही. भेगेत दोरे दिसत असतील, रिमजवळची कड सुटत असेल किंवा कुठे फुगा आला असेल, तर मात्र टायर बदलाच. फुगा आला म्हणजे आतले दोरे तुटलेत आणि ट्यूब फक्त रबराच्या भरवशावर आहे. असा टायर मे महिन्याच्या दुपारी वर्धा रोडवर फुटला तर काय होईल, हे सांगायला नको.

मागचा टायर नेहमी आधी जातो, कारण अंगाचं जास्त वजन मागच्या चाकावर असतं आणि पॅडलचा जोरही तोच झेलतो. त्यामुळे बरेच जण एकच नवा टायर आणून मागे लावतात. माझा सल्ला उलटा आहे. मागचा टायर फुटला किंवा घसरला तर सायकल सावरता येते, पुढचा गेला तर माणूस थेट जमिनीवर येतो. एकच घ्यायचा असेल तर नवा पुढे लावा, आणि पुढचा बऱ्या अवस्थेत असेल तर तो मागे घाला.

२६ म्हणजे कोणता २६?

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथेच, म्हणून इथे थोडं थांबू.

जुन्या टायरची भिंत ओल्या फडक्यानं पुसा आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. रबरातच उठवलेली अक्षरं दिसतील. एका ठिकाणी २६ × १.९५ किंवा २६ × २.१० असं काहीतरी असेल. तिथेच जवळ, बारीक अक्षरांत, ५०-५५९ किंवा ५४-५५९ अशी दुसरी जोडी असेल. तुमच्या कामाची जोडी ही दुसरी. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये. दुसरा आकडा रिमवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास, तोही मिलीमीटरमध्ये. ही पद्धत ईटीआरटीओ नावाच्या युरोपीय संस्थेची, आणि आयएसओ ५७७५ या मानकात तीच वापरली जाते. दुसरा आकडा जुळला की टायर रिमवर बसणार. जुळला नाही की बसणार नाही, मग पहिल्या जोडीत काहीही लिहिलेलं असो.

इंचाच्या आकड्यावर विसंबता येत नाही, कारण तो रिमचा नाहीच. हवा भरलेल्या टायरचा बाहेरून बाहेरपर्यंतचा अंदाजे व्यास म्हणजे २६ इंच. एमटीबीची रिम ५५९ मिलीमीटरची, म्हणजे बरोबर २२ इंच. तिच्यावर दोन इंच जाड टायर चढवला की वरून दोन आणि खालून दोन मिळून २६ होतात. लेडीज सायकलला बारीक टायर असतो. बारीक टायर लावूनही बाहेरचा व्यास २६ यायचा असेल तर रिम मोठी हवी. म्हणून २६ × १ ३/८ या टायरची रिम ५९० मिलीमीटरची असते. बाहेरून दोन्ही २६, पण आतून ३१ मिलीमीटरचा फरक. २६ हा आकडा आडनावासारखा आहे, त्यावरून घराणं कळतं, नेमका माणूस कळत नाही.

याहून फसवी जोडी आहे २६ × १.५ आणि २६ × १ १/२ यांची. गणितात दीड म्हणजे दीडच. टायरमध्ये तसं नाही. दशांशात लिहिलेला १.५ हा एमटीबीचा, ५५९ चा. अपूर्णांकात लिहिलेला १ १/२ हा ५८४ चा. तसंच १.७५ म्हणजे ५५९ आणि १ ३/४ म्हणजे ५७१. दुकानात उभं असताना एवढं आठवलं तरी पुरे: एमटीबीच्या २६ ला दशांश हवा, अपूर्णांक नको.

आणखी एक गंमतीची गोष्ट याच गोंधळातून निघते. दूधवाल्यांच्या त्या उंच काळ्या सायकलीचा टायर असतो २८ × १ १/२, आणि त्याची रिम ६३५ मिलीमीटरची. आजकालच्या मोठ्या चाकांच्या एमटीबीला २९ म्हणतात, तिची रिम ६२२ ची. म्हणजे २८ ची रिम २९ पेक्षा मोठी! या २९ ची रिम आणि शहरी हायब्रिड सायकलींच्या ७०० सी ची रिम एकच, ६२२. मधल्या साडेसत्तावीसची ५८४. तुमची सायकल जुनी असेल तर ती बहुधा ५५९ चीच निघेल, पण एकदा वाचून खात्री करा. लहान मुलांच्या २४ च्या एमटीबी असतात, त्यांचा आकडा ५०७.

चुकीचा टायर "ताणून बसवतो ना भाऊ" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. टायरच्या दोन्ही कडांत स्टीलची तार असते आणि ती ताणली जाऊ नये म्हणूनच घातलेली असते. लहान टायर मोठ्या रिमवर चढतच नाही. मोठा टायर लहान रिमवर सहज चढतो आणि धोका त्यातच आहे: हवा भरली की तो एका बाजूला उचलला जातो, चाक उड्या मारू लागतं, आणि कड रिमबाहेर आली की ट्यूब फुटते.

हा ५५९ चा आकार आला कुठून, तर अमेरिकेतून. श्विन कंपनीनं १९३३ मध्ये जाड 'बलून' टायरची सायकल काढली, तिचा टायर २६ × २.१२५ होता. पुढे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन भागातली तरुण मंडळी असल्याच जुन्या सायकली घेऊन माउंट टमाल्पाईस डोंगराच्या कच्च्या वाटांवरून खाली सुटायची. त्यातून माउंटन बाइक जन्मली आणि टायरचा आकार तोच राहिला. साधारण २०१२ नंतर जगभरातल्या कंपन्यांनी महागड्या एमटीबी साडेसत्तावीस आणि २९ वर नेल्या. त्यामुळे आज बाजारात एक विचित्र स्थिती आहे. ५५९ चा साधा टायर आपल्याकडे कुठल्याही सायकल दुकानात मिळतो, कारण स्वस्त एमटीबी अजूनही २६ च्या विकल्या जातात. पण ५५९ चा चांगला टायर शोधावा लागतो, आणि मिळाला की घेऊन टाकावा.

किती जाड?

इथे तुमची रिम आणि फ्रेम ठरवते. टायर काढल्यावर रिमच्या दोन भिंतींमधलं आतलं अंतर पट्टीनं मोजा. जुन्या एमटीबीत ते साधारण १७ ते २१ मिलीमीटर भरतं. एवढ्या रिमवर १.५ ते २.१ पर्यंतचे टायर निर्धास्त बसतात. फार अरुंद रिमवर फार जाड टायर घातला तर वळणावर तो लोळल्यासारखा वाटतो.

मग फ्रेम बघा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, फोर्कच्या कमानीखाली, ब्रेकच्या हातांमध्ये आणि पुढच्या डिरेलरजवळ (पॅडलपाशी साखळी सरकवून गिअर बदलणारा भाग), सगळीकडे नव्या टायरभोवती पाच-सहा मिलीमीटर तरी मोकळी जागा उरली पाहिजे. रिमला आउट असेल, म्हणजे फिरताना ती डुलत असेल, तर त्याहून जास्त, किंवा आधी आउट काढून घ्या. मडगार्ड लावायचा असेल तर तोही हिशेबात धरा.

बारीक टायर लावला की सायकल जमिनीच्या सेंटिमीटरभर जवळ येते आणि चाकाचा घेर दोन-तीन टक्क्यांनी कमी होतो. चालवताना ते जाणवत नाही. हँडलवर किलोमीटर मोजणारं यंत्र असेल तर त्यात नवा घेर भरा.

आपण चालवतो कुठे?

नव्या एमटीबीला कंपनीतून येणारा टायर गाठीगाठींचा असतो, कारण सायकल तशी दमदार दिसते. त्या गाठी मऊ मातीत रुतून पकड घेण्यासाठी असतात. आता तुमचा रोजचा रस्ता आठवा. धरमपेठेतून फुटाळ्याला, तिथून सेमिनरी हिल्सचा चढ, उतरून सिव्हिल लाइन्स. किंवा मानेवाड्याहून सीताबर्डी. किंवा कामासाठी हिंगण्याच्या एमआयडीसीत रोजची ये-जा. यात मऊ माती कुठे आहे? सगळं डांबर आणि सिमेंट.

कडक रस्त्यावर प्रत्येक गाठ चाकासोबत खाली येते, दबते, वाकते आणि सुटते. प्रत्येक वेळी तुमच्या पायाच्या ताकदीतला थोडा हिस्सा त्या वाकण्यात उष्णता होऊन जातो. तो घरघर आवाज त्याचाच. एवढं करून पकड जास्त मिळते का, तर तीही नाही. कडक पृष्ठभागावर पकड रबर किती टेकलं यावर असते आणि गाठींच्या टायरचं फक्त टोकांवरचं रबर टेकतं. वळताना त्या गाठी मुरडतात ते वेगळंच.

"पावसात काय?" हा प्रश्न हमखास येतो. मोटारीचा टायर रुंद आणि सपाट असतो, वेग जास्त असतो, म्हणून त्याच्याखाली पाण्याचा थर अडकून गाडी तरंगू शकते आणि पाणी बाहेर काढायला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद आणि गोल, हवेचा दाब जास्त, वेग कमी. तो पाणी आपोआप बाजूला सारतो. ओल्या सिमेंटवर गुळगुळीत टायर गाठींच्या टायरपेक्षा बरा धरतो. निसरडं होतं ते शेवाळ, तेल, रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं यांच्यामुळे. तिथे कोणतीच नक्षी वाचवत नाही, वेग कमी केलाच पाहिजे.

म्हणजे मग एकदम बारीक, गुळगुळीत टायर घ्यायचा? नागपूरसाठी मी तसं सांगणार नाही, आणि त्याला कारण आपले रस्तेच आहेत. सिमेंट रस्त्याची कड आणि बाजूचे गट्टू (फरशीचे ठोकळे) यांच्यात अनेक ठिकाणी उंचीचा फरक असतो, मध्ये लांबच लांब फट असते. मागून बस आली, तुम्ही खाली गट्टूवर उतरलात आणि मग तिरपे होऊन पुन्हा वर चढायला गेलात, की बारीक टायर त्या कडेला घासत राहतो, वर चढत नाही, आणि सायकल पायाखालून निघून जाते. जाड टायर ती कड ओलांडतो. सिमेंटच्या दर काही मीटरवरच्या सांध्यांचे धक्केही जाड टायर कमी हवेत पचवतो. म्हणून शहरात चालवणाऱ्याला १.७५ ते २.० रुंदीचा, मध्ये अखंड पट्टी किंवा जवळजवळ गुळगुळीत आणि कडेला हलकी नक्षी असलेला टायर मी सुचवेन. दुकानात याला सेमी-स्लिक म्हणतात.

रविवारी गोरेवाड्याच्या बाजूला, कळमेश्वरकडच्या गावरस्त्यांवर किंवा रामटेकला गेल्यावर खिंडसीच्या आसपास कच्च्या वाटेनं फिरणाऱ्यांसाठीही हाच प्रकार बहुतेक वेळा पुरतो. आपल्याकडची कच्ची वाट म्हणजे मुरूम आणि गिट्टी. कोरड्या मुरमावर जवळजवळ बसवलेल्या, कमी उंचीच्या गाठी उत्तम चालतात. उंच, विरळ गाठींचा टायर खरोखर लागतो तो सैल मातीच्या उतारावर उड्या मारत जाणाऱ्यांना. तुम्ही त्यातले असाल तर पुढे २.१ चा गाठींचा आणि मागे सेमी-स्लिक अशी जोडी लावा. पुढचं चाक दिशा धरतं, त्याला पकड हवी. मागच्याला हलकं पळणं हवं.

राहिली काळी माती. जुलैत पऱ्हाटीच्या शेतामधल्या पांदणीत सायकल घातली की शंभर पावलांत चाकाभोवती लोळे तयार होतात, ब्रेक आणि फ्रेममध्ये माती ठासून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. यावर टायरचा इलाज नाही. बारीक टायरला मोकळी जागा जास्त असते म्हणून तो थोडा उशिरा अडकतो, इतकंच. पावसात काळ्या मातीत जाऊ नका, गेलात तर सायकल उचलून बाहेर या.

काटे

विदर्भात टायर निवडायचा आणि काट्यांचा विचार करायचा नाही, असं होऊच शकत नाही. दोन काटे मुख्य. बाभळीचा लांब आणि सरळ असतो, सुईसारखा आत जातो, आणि कुठलाही हलका टायर तो थांबवू शकत नाही. सराटा, म्हणजे गोखरूचं ते चांदणीसारखं वाळकं फळ, लहान असतो पण एका वेळी पाच-सात चिकटतात. रस्त्याच्या कडेला, ओसाड प्लॉटवर, तलावांच्या काठच्या वाटांवर पावसाळा संपला की त्यांचा सडा असतो.

सराट्याचा काटा आखूड असतो, त्यामुळे टायरच्या रबराखाली संरक्षक पट्टा असेल तर तो ट्यूबपर्यंत पोचत नाही. म्हणून टायर घेताना पट्टा आहे का विचारा. परदेशी टायरांत श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस या बाबतीत नावाजलेला आहे. त्यात रबराखाली पाच मिलीमीटर जाडीचा लवचिक पट्टा असतो आणि तो ४७-५५९ मध्ये, म्हणजे २६ × १.७५ मध्ये निघतो. जड आहे, महाग आहे, बहुधा मागवावा लागतो. रोज कामावर जाणाऱ्याचा पंक्चरपायी खाडा होत असेल तर तो पैसा वसूल करून देतो. ज्याला तेवढा खर्च नको त्यानं राल्सन, मेट्रो, हार्टेक्स यांसारख्या देशी कंपन्यांचा जाड रबराचा टायर घ्यावा आणि आत प्लास्टिकची संरक्षक पट्टी घालावी. पट्टीची टोकं घासून बोथट करा, नाहीतर तीच ट्यूब कापते. ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव भरणं हाही बारीक छिद्रांवर चांगला उपाय आहे.

टायरवर कधी टीपीआय लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात कापडाचे किती दोरे. ३० च्या आसपासचा आकडा जाड दोऱ्यांचा, राठ आणि टिकाऊ. ६० मधला. १२० हलका, मऊ, चालवायला फार सुखद आणि काट्यांपुढे नाजूक. आपल्या कामाला ३० ते ६० पुरे. घडी घालून डब्यात येणाऱ्या टायरच्या कडेत तारेऐवजी अ‍ॅरामिडचे (बळकट कृत्रिम) धागे असतात. वजन कमी होतं, किंमत वाढते. जुन्या सायकलला तारेचा टायर पुरेसा आहे. ट्यूबलेसचा विचार इथे करू नका, कारण जुन्या रिम त्यासाठी घडवलेल्या नसतात.

घरी आल्यावर एक सवय लावून घ्या. चाक हळू फिरवत टायरवरून नजर फिरवा आणि रुतलेले सराटे, काचेचे कण चिमट्यानं काढून टाका. बरेच काटे पहिल्या दिवशी अर्धेच आत गेलेले असतात. पंक्चर ते पुढच्या चार दिवसांत करतात.

दुकानात

टायर हातात घ्या आणि ५५९ स्वतः वाचा. भिंत वाकवून बघा. बाहेर उन्हात टांगलेला टायर नवा असूनही वाळलेला असू शकतो, आणि त्या बारीक भेगा तिथेच दिसतात. आतून हात फिरवा, दोरे कुठे उसवलेले नाहीत ना बघा.

टायरसोबत ट्यूबही नवीच घ्या. जुनी ट्यूब ताणून ढिली झालेली असते आणि नव्या टायरात तिची घडी पडते. ट्यूबच्या डब्यावर २६ × १.७५ ते २.१२५ असा पल्ला लिहिलेला असतो, तुमची रुंदी त्यात बसली पाहिजे. व्हॉल्व्ह रिमच्या छिद्राशी जुळवा. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर त्याला श्रेडर म्हणतात, त्याला साडेआठ मिलीमीटरचं छिद्र लागतं. बारीक प्रेस्टा असेल तर साडेसहा. जाड छिद्रात बारीक व्हॉल्व्ह घातला तर तो हलत राहतो आणि मुळाशी ट्यूब फाटते.

हवा

"कडक भरा भाऊ" ही आपली सवय. कडक टायर अंगठ्याला भारी वाटतो, पण सांध्यांवर आणि गट्टूंवर उड्या मारतो, आणि त्या उड्यांत वेगही जातो, कंबरही. सत्तर किलोच्या माणसाला १.९५ च्या टायरमध्ये डांबर-सिमेंटवर मागे ४५ आणि पुढे ४० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास पुरतात. कच्च्या रस्त्यावर पाच-सहा कमी. वजन जास्त असेल, मागे कॅरिअरवर सामान असेल तर वाढवा, पण भिंतीवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नका. फार कमी हवाही वाईट: खड्ड्याच्या कडेवर टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन छिद्रं पडतात. अशी जोडछिद्रं दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. पहाटे २५ अंशात ५० पीएसआय भरलेला टायर दुपारी उन्हात उभा राहून ६० अंशांपर्यंत तापला तर आतला दाब ५७-५८ वर जातो. चांगला टायर हे सहज सोसतो. जुना, भेगाळलेला टायर आणि आधीच कमालीपर्यंत भरलेली हवा, ही जोडी मात्र उन्हात उभ्या सायकलचा बार काढते. एप्रिल-मेमध्ये कमाल मर्यादेच्या दहा पीएसआय खाली राहा आणि सायकल सावलीत लावा. कॉम्प्रेसरवर हवा भरत असाल तर थोडी थोडी भरायला सांगा, कारण सायकलच्या ट्यूबमध्ये जागा इतकी कमी असते की दोन सेकंदांत दाब नको तिथे पोचतो. घरी दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप ठेवणं सगळ्यात चांगलं.

बसवताना

जुना टायर काढल्यावर रिम आतून पुसा आणि रिम टेप बघा. चाकाच्या तारांची (स्पोकची) टोकं झाकणारी ही पट्टी सरकली किंवा फाटली असेल तर नवी ट्यूब आतून पंक्चर होईल. ब्रेक रिमवर लागत असतील तर रिमची बाहेरची भिंतही बोटानं चाचपा. ती खोलगट झाली असेल तर रिम झिजली आहे, आणि अशा रिमवर नवा टायर घालू नका.

टायरच्या भिंतीवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला हवा. एक कड आधी पूर्ण चढवा. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून ती आत बसवा, मग दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा वीतभर भाग घट्ट येतो. तेव्हा लिव्हर (टायर चढवायची पट्टी) खुपसण्याऐवजी समोरची कड दोन्ही हातांनी रिमच्या मधल्या खोलगट खाचेत ढकला. तिथे व्यास कमी असतो, त्यातून इकडे ढील मिळते आणि अंगठ्यांनी टायर चढतो. लिव्हरनं जबरदस्ती केली की ट्यूब चिमटते आणि नवी ट्यूब पहिल्याच हवेला जाते.

थोडी हवा भरून थांबा. टायरच्या भिंतीवर रिमलगत एक बारीक उठावाची रेघ सगळीकडे गोल फिरलेली असते. चाक फिरवत बघा, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का. कुठे ती रिममध्ये बुडाली असेल तर तिथे कड नीट बसलेली नाही. हवा काढा, त्या जागी साबणाचं पाणी लावा, हातानं ओढा आणि पुन्हा भरा. रेघ सारखी दिसेपर्यंत पूर्ण दाब देऊ नका. पहिल्या दिवशी गुळगुळीत नवं रबर थोडं निसटतं, म्हणून पहिले काही किलोमीटर वळणं सांभाळून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी काट्यावर हवा पुन्हा तपासा.